प्रथिन चांगलं, पण पत्ता चुकला: पेशीत तयार झालेली प्रथिनं योग्य जागी पोहोचतात कशी?

एखाद्या लहान मुलाला पुन्हा पुन्हा मुतखडे होतात. घरातले लोक पालक, अळू, टोमॅटो बंद करतात, पाणी जास्त पाजतात. तरी खडे होतच राहतात. अशा मुलांपैकी अगदी थोड्या जणांमध्ये खरं कारण खाण्यापिण्यात नसतं आणि मूत्रपिंडातही नसतं. ते यकृताच्या पेशींमध्ये असतं.

या आजाराला 'प्रायमरी हायपरऑक्झल्युरिया टाइप १' म्हणतात. हा दुर्मीळ, आनुवंशिक आजार आहे. आपल्या यकृतात 'एजीटी' नावाचं एक एन्झाइम, म्हणजे विकर, असतं. ग्लायॉक्झिलेट नावाच्या पदार्थाचं रूपांतर ग्लायसीन या निरुपद्रवी अमिनो आम्लात करणं हे त्याचं काम. ते काम झालं नाही की ग्लायॉक्झिलेटपासून ऑक्झलेट तयार होतं. ऑक्झलेट आणि कॅल्शियम मिळून मूत्रपिंडात खडे साचतात आणि पुढे मूत्रपिंडच निकामी होऊ शकतं.

या रुग्णांच्या शरीरात एजीटी तयारच होत नसेल, किंवा ते बिघडलेलं असेल, असं कुणालाही वाटेल. अनेक रुग्णांमध्ये तसंच असतं. पण १९८९ मध्ये ब्रिटनमधले ख्रिस्तोफर डॅनप्यूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही रुग्णांच्या यकृतात वेगळंच चित्र दिसलं. एन्झाइम तयार झालेलं होतं. ते कामही करू शकत होतं. फक्त ते चुकीच्या जागी जाऊन बसलं होतं. त्याला जायचं होतं पेरॉक्सिझोम नावाच्या छोट्या पिशव्यांमध्ये आणि त्यातलं बहुतेक पोहोचलं होतं तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियामध्ये.

अंतर म्हणाल तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकं. पण तेवढ्यानं मूत्रपिंड जाऊ शकतं.

मग प्रश्न उरतो तो असा: ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, अशा प्रथिनाला आपण कुठे जायचं हे कळतं कसं?

पेशीत एवढ्या खोल्या कशाला?

शाळेत पेशीची आकृती काढून नावं द्यायला लागायची, ती आठवून पाहा. केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका. आकृतीत ही सगळी नुसती ठिपके आणि रेघोट्या वाटतात. प्रत्यक्षात त्या पेशीतल्या वेगवेगळ्या खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीला पटलाची भिंत आहे.

या भिंती गरजेच्या आहेत. लयकारिकेत पेशीतला कचरा पचवणारी विकरं असतात. ती मोकळी फिरू लागली तर पेशीचं नुकसान करतील. पेरॉक्सिझोममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक रसायनं तयार होतात आणि तिथेच मोडली जातात. तंतुकणिकांमध्ये ऊर्जा तयार होते. प्रत्येक कामाची जागा वेगळी आणि त्या कामाला लागणारी प्रथिनंही वेगळी.

माणसाच्या डीएनएमध्ये प्रथिनं बनवण्यासाठीची सुमारे २०,००० जनुकं आहेत. जनुकातली माहिती वाचून प्रथिन बनवण्याचं काम रायबोसोम करतात. एका पेशीत असे लाखो रायबोसोम असतात. एक रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्लं जोडत माळेसारखी साखळी ओवत जातो. ही साखळी घडी पडून विशिष्ट आकारात आली की झालं प्रथिन तयार.

इथेच मोठी अडचण येते. जवळजवळ सगळी प्रथिनं पेशीद्रव्यात, म्हणजे खोल्यांच्या बाहेर, तयार व्हायला लागतात. तंतुकणिकांकडे स्वतःचा थोडा डीएनए असतो, पण माणसात त्यातून फक्त १३ प्रथिनं बनतात. तंतुकणिकेला लागणारी बाकीची हजारभर प्रथिनं बाहेरूनच आत न्यावी लागतात. थोडक्यात, कारखाना एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे आणि मधे बंद दरवाजे.

पत्ता पाकिटावर नाही, मजकुरातच!

या कोड्याचं उत्तर शोधण्यात सर्वात मोठा वाटा आहे गुंटर ब्लोबेल यांचा. त्यांचा जन्म १९३६ चा, तेव्हाच्या जर्मनीतल्या आणि आताच्या पोलंडमधल्या एका खेड्यातला. महायुद्धाच्या शेवटी कुटुंबासह गाव सोडून पळताना लहानग्या ब्लोबेलनी ड्रेस्डेन शहर पाहिलं होतं. ते बॉम्बहल्ल्यात बेचिराख होण्याआधी. पुढे ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जॉर्ज पॅलाडे यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले.

१९७१ मध्ये ब्लोबेल आणि डेव्हिड सबातिनी यांनी एक कल्पना मांडली. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांच्या सुरुवातीलाच एखादा संकेत लिहिलेला असावा आणि तोच त्या प्रथिनाला योग्य दारापाशी नेत असावा, अशी ती कल्पना. तेव्हा हा निव्वळ अंदाज होता. पुढच्याच वर्षी सीझर मिलस्टाइन आणि सहकाऱ्यांना एक महत्त्वाचा धागा मिळाला. प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, एक भाग आधी थोडा लांब तयार होतो आणि नंतर त्याच्या सुरुवातीचा तुकडा कापला जातो, असं त्यांना दिसलं.

१९७५ मध्ये ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी हे परीक्षानळीत करून दाखवलं. त्यासाठी त्यांनी सामान गोळा केलं तेही मजेशीर होतं. प्रथिनाचा संदेश उंदराच्या पेशींचा, रायबोसोम सशाच्या रक्तपेशींचे आणि पटलं कुत्र्याच्या स्वादुपिंडाची. तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे भाग एकत्र आले, तरी प्रथिन बरोबर पटलाच्या आत शिरलं आणि त्याचा सुरुवातीचा तुकडा कापला गेला. उंदरानं लिहिलेला पत्ता कुत्र्याच्या पेशीतल्या यंत्रणेला वाचता येत होता.

यातून निघालेली गोष्ट साधी आहे, पण तिनं जीवशास्त्र बदललं. प्रथिनाचा पत्ता वेगळ्या पाकिटावर लिहिलेला नसतो. तो त्या प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असतो. या शोधासाठी ब्लोबेल यांना १९९९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुरस्काराची बहुतेक सगळी रक्कम त्यांनी ड्रेस्डेनला दिली, तिथलं उद्ध्वस्त चर्च आणि सिनेगॉग पुन्हा उभं करण्यासाठी.

इन्सुलिनचा प्रवास

हे सगळं नेमकं कसं घडतं, हे समजून घ्यायला सर्वांच्या ओळखीचं प्रथिन घेऊ: इन्सुलिन.

इन्सुलिन स्वादुपिंडाच्या बीटा पेशींमध्ये तयार होतं, पण त्याचं काम पेशीबाहेर, रक्तात आहे. सुरुवातीला जी साखळी बनते तिच्यात ११० अमिनो आम्लं असतात. यातली पहिली २४ म्हणजे पत्ता.

हा पत्ता रायबोसोममधून बाहेर डोकावतो, तोच पेशीद्रव्यात फिरणारा एक 'वाटाड्या' येऊन त्याला धरतो. शास्त्रीय भाषेत याला 'सिग्नल रेकग्निशन पार्टिकल' म्हणतात. पत्त्याचा मधला भाग पाण्यापासून लांब राहू पाहणाऱ्या, तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांचा असतो. वाटाड्या तोच ओळखतो. त्यानं पकडलं की साखळी ओवण्याचं काम मंदावतं. मग रायबोसोमसकट अर्धवट साखळी आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाशी नेली जाते. तिथे एक अरुंद बोगदा असतो. साखळीचं टोक त्यात जातं, वाटाड्या सुटतो, काम पुन्हा सुरू होतं आणि सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तशी साखळी तयार होता होता आत सरकते.

आत गेल्यावर पत्त्याचं काम संपतं. एक विकर तो २४ अमिनो आम्लांचा तुकडा कापून टाकतं. उरतात ८६. त्यांची घडी पडते, मग आणखी पुढे, साठवणीच्या पुटिकांमध्ये, मधला एक तुकडा कापला जातो आणि शेवटी ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन तयार होतं. मधला कापलेला तुकडा म्हणजे 'सी-पेप्टाइड'. मधुमेहाच्या काही रुग्णांना डॉक्टर सी-पेप्टाइडची रक्तचाचणी सांगतात, ती याच्याच आधारावर. इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड बरोबरीनं बाहेर पडतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये मात्र सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे या चाचणीतून कळतं.

प्रत्येक खोलीचा पत्ता वेगळा

सगळी प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेतून जात नाहीत. प्रत्येक खोलीची पत्ता लिहिण्याची पद्धत निराळी आहे आणि दारावरचे नियमही.

केंद्रक: इथे जाणाऱ्या प्रथिनांवर धन विद्युतभार असलेल्या अमिनो आम्लांचा छोटा गट असतो. एसव्ही-४० या विषाणूच्या एका प्रथिनात तो अवघ्या सात अमिनो आम्लांचा आहे. केंद्रकाच्या भिंतीला मोठी छिद्रं असतात, त्यामुळे प्रथिन घडी घातलेलंच आत जाऊ शकतं. आत गेल्यावर हा पत्ता कापला जात नाही. कारण आपल्या पेशी विभागतात तेव्हा केंद्रकाची भिंत विरघळते आणि नंतर नव्यानं बनते. मग बाहेर पडलेल्या प्रथिनांना त्याच पत्त्यावर पुन्हा आत जायचं असतं.

तंतुकणिका: इथला पत्ता बहुतेक वेळा साखळीच्या सुरुवातीला असतो आणि पोहोचल्यावर कापला जातो. अट मात्र कडक आहे. दार इतकं अरुंद की प्रथिन घडी मोडून, सरळ दोऱ्यासारखं होऊनच आत जाऊ शकतं. एकदा घट्ट घडी पडली की आत जाणं अवघड.

पेरॉक्सिझोम: इथे नेमकं उलट. बहुतेक प्रथिनांचा पत्ता साखळीच्या शेवटी असतो आणि तो फक्त तीन अमिनो आम्लांचा असतो. आणि घडी पडलेलं, पूर्ण तयार प्रथिनही या दारातून आत जातं.

हा तीन अक्षरी पत्ता सापडला तो काजव्यामुळे. काजव्याला प्रकाश देणारं ल्युसिफरेज नावाचं विकर त्याच्या पेशींमध्ये पेरॉक्सिझोममध्ये असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या केंद्रात सुरेश सुब्रमणी, स्टीफन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये काजव्याचं हे जनुक माकडाच्या पेशींमध्ये घातलं. ल्युसिफरेज तिथेही थेट पेरॉक्सिझोममध्येच गेलं. पुढच्या कामातून कळलं की शेवटची तीन अमिनो आम्लं, सेरीन, लायसीन आणि ल्युसीन, एवढाच त्याचा पत्ता आहे. कीटकाचा पत्ता माकडाच्या पेशीला वाचता आला, म्हणजे ही लिपी किती जुनी आणि सामाईक असेल याचा अंदाज येतो.

आणि ज्या प्रथिनावर कुठलाच पत्ता नाही त्याचं काय? ते जिथे तयार झालं तिथेच, पेशीद्रव्यात, राहतं.

पुढची वाहतूक: पुटिकांच्या गाड्या

आंतर्द्रव्यजालिकेत शिरलेल्या इन्सुलिनसारख्या प्रथिनांचा प्रवास तिथे संपत नाही. पुढचा रस्ता जॉर्ज पॅलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी १९६० च्या दशकात गिनीपिगच्या स्वादुपिंडावर शोधला. त्यांनी पेशींना फक्त तीन मिनिटं किरणोत्सारी अमिनो आम्ल दिलं आणि नंतर साधं. त्यामुळे त्या तीन मिनिटांत बनलेल्या प्रथिनांवरच खूण राहिली. ठरावीक वेळानं ती खूण कुठे दिसते हे ते पाहत गेले. आधी आंतर्द्रव्यजालिका, मग गॉल्गी संकुल आणि मग साठवणीच्या पुटिका. १९७४ मध्ये पॅलाडे यांना अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियान द दुव यांच्यासह नोबेल मिळालं.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माल जातो तो पुटिकांमधून. पटलाचा एक फुगा माल घेऊन सुटतो आणि पुढच्या खोलीच्या पटलात मिसळून माल आत सोडतो. पण हा फुगा नेमक्या पटलाशीच का मिसळतो?

इथे कामी आलं आपल्या ओळखीचं यीस्ट, पावात घालतो तेच. रँडी शेकमन आणि त्यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी तापमान वाढवलं की वाहतूक बंद पडणारे यीस्टचे प्रकार शोधून काढले. वाहतूक थांबली की पेशीत माल तुंबतो आणि ती जड होते. या जडपणावरूनच त्यांनी अशा पेशी वेगळ्या केल्या. १९८० पर्यंत त्यांच्या हाती वाहतुकीला लागणारी २३ जनुकं आली होती. जेम्स रॉथमन यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींमधली हीच यंत्रणा सुटी करून दाखवली. पुटिकेवरचं प्रथिन आणि मुक्कामाच्या पटलावरचं प्रथिन चेनच्या दोन बाजूंसारखी एकमेकांत अडकतात. योग्य जोडी जमली तरच पटलं मिसळतात. या प्रथिनांना 'स्नेअर' म्हणतात. थॉमस स्युडहोफ यांनी चेतापेशींमध्ये नेमक्या क्षणी माल सोडण्याचा आदेश कॅल्शियम कसा देतो, हे उलगडलं. या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं.

ही यंत्रणा बंद पडली तर काय होतं याचं उदाहरण प्रत्येक घरात माहीत आहे. गंजका खिळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. धनुर्वाताच्या जिवाणूचं विष चेतापेशींमधलं हेच एक स्नेअर प्रथिन कापतं. स्नायूंना 'आता सैल व्हा' हा निरोप देणाऱ्या पेशींमधला माल त्यामुळे बाहेर पडत नाही. स्नायू आखडलेलेच राहतात, जबडा मिटतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. बोटुलिनम विषही स्नेअरच कापतं, पण ते स्नायूंना 'आवळा' सांगणाऱ्या पेशींमध्ये. म्हणून तिथे स्नायू लुळे पडतात. त्याच विषाची अत्यल्प मात्रा म्हणजे बोटॉक्स.

पत्ता चुकल्यावर होणारे आजार

गॉल्गी संकुलात काही प्रथिनांवर आणखी एक चिठ्ठी चिकटवली जाते. लयकारिकेकडे जाणाऱ्या विकरांना 'मॅनोज-६-फॉस्फेट' नावाची साखरेची खूण मिळते. 'आय-सेल' नावाच्या दुर्मीळ आजारात ही खूण लावणारी यंत्रणाच बिघडलेली असते. लयकारिकेची विकरं व्यवस्थित तयार होतात, पण चिठ्ठी नसल्यानं पेशीबाहेर फेकली जातात. या बाळांच्या रक्तात ही विकरं भरपूर सापडतात आणि लयकारिकांमध्ये मात्र कचरा साचत जातो. एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की या रुग्णांच्या पेशी निरोगी माणसाचं विकर आत घेऊ शकतात, पण त्यांचं विकर इतर पेशी घेत नाहीत. म्हणजे उणीव पेशीत नव्हती, विकरावरच्या खुणेत होती.

सिस्टिक फायब्रोसिसची गोष्ट थोडी वेगळी. यात फुप्फुसांत चिकट कफ साचतो. कारण असतं १,४८० अमिनो आम्लांच्या एका प्रथिनातला बिघाड. सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकारात त्यातलं एकच अमिनो आम्ल, ५०८ व्या जागेवरचं, गळालेलं असतं. त्यामुळे प्रथिनाची घडी नीट पडत नाही. आंतर्द्रव्यजालिकेतली तपासणी यंत्रणा ते अडवते आणि नष्ट करते. प्रयोगशाळेत पेशी कमी तापमानाला वाढवल्या तर हेच प्रथिन पटलापर्यंत पोहोचतं आणि काही प्रमाणात कामही करतं. म्हणजे ते अगदीच निरुपयोगी नसतं, ते पोहोचू दिलं जात नाही. घडी नीट पडायला मदत करणारी तीन औषधांची एकत्रित गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली, ती याच समजुतीतून.

आता पुन्हा मुतखड्याकडे

एजीटीमध्ये ३९२ अमिनो आम्लं आहेत. पेरॉक्सिझोमचा पत्ता त्याच्या शेवटी असतो. डॅनप्यूर यांनी पाहिलेल्या रुग्णांमध्ये तो शाबूत असतो. बदल असतात दुसरीकडेच.

पहिला बदल ११ व्या अमिनो आम्लात. युरोपीय वंशाच्या अनेक निरोगी लोकांमध्येही तो आढळतो. त्यामुळे साखळीच्या सुरुवातीला तंतुकणिकेच्या पत्त्यासारखा दिसणारा एक कमकुवत संकेत तयार होतो. एकट्यानं तो फारसा त्रास देत नाही. कारण एजीटीची घडी पटकन पडते आणि घडी पडलेल्या प्रथिनाला तंतुकणिकेचं दार बंद असतं.

दुसरा बदल १७० व्या अमिनो आम्लात. त्यानं घडी पडायचा वेग मंदावतो. दोन्ही बदल एकत्र आले की घात होतो. साखळी अजून मोकळी असतानाच तंतुकणिका तिचा तो कमकुवत पत्ता वाचते आणि तिला आत ओढते. शेवटचा खरा पत्ता वाचला जाण्याची वेळच येत नाही.

पण विकर चालू असेल तर ते कुठल्या खोलीत आहे यानं काय बिघडतं? बिघडतं, कारण माणसाच्या यकृतात ग्लायॉक्झिलेट मोठ्या प्रमाणावर पेरॉक्सिझोममध्ये तयार होतं. ते तिथल्या तिथेच पकडावं लागतं. यातली गंमत म्हणजे मांजराच्या यकृतात हेच विकर मुख्यतः तंतुकणिकांमध्ये असतं आणि ते तिथेच योग्य असतं. मांसाहारी प्राण्यांमध्ये ग्लायॉक्झिलेट जास्त करून तंतुकणिकेत तयार होतं, तर वनस्पतींच्या आहारातून येणारं पेरॉक्सिझोममध्ये. सशामध्ये एजीटी पेरॉक्सिझोममध्ये असतं. म्हणजे पत्ता बरोबर की चूक, हे काम कुठे पडलंय त्यावर ठरतं.

हे कोडं सुटल्याचा उपयोग रुग्णांना झाला. ब६ जीवनसत्त्व एजीटीला घडी पडायला मदत करतं. त्यामुळे हा १७० व्या जागेवरचा बदल असलेल्या अनेक रुग्णांमध्ये ब६ च्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेनं ऑक्झलेट कमी होतं. ज्यांच्यात मुळात एजीटीच बनत नाही त्यांना याचा उपयोग नाही. म्हणूनच जनुकीय चाचणी करून नेमका बदल कोणता हे पाहिलं जातं. २०२० पासून लुमासिरान नावाचं औषधही उपलब्ध झालं आहे. ते ग्लायॉक्झिलेट तयार होण्याच्या आधीची पायरीच रोखतं.

पत्ता माहीत असेल तर औषधही पाठवता येतं

पत्त्यांची ही लिपी वाचता आल्यावर ती लिहिताही येऊ लागली. पॉम्पे नावाच्या आजारात लयकारिकेतलं एक विकर कमी पडतं आणि स्नायू दुबळे होत जातात. त्यावर ते विकर प्रयोगशाळेत तयार करून दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. रक्तातून ते लयकारिकेपर्यंत पोहोचतं, कारण त्यावर तीच मॅनोज-६-फॉस्फेटची खूण असते. आय-सेलच्या रुग्णांमध्ये जी खूण नव्हती, तीच इथे उपचार बनते.

हे उपचार अतिशय महाग आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पे आणि गॉशे या आजारांचा समावेश आहे. त्यानुसार ठरवलेल्या केंद्रांमधून उपचारांसाठी प्रत्येक रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचं केईएम रुग्णालय त्या केंद्रांपैकी एक आहे. विकर आयुष्यभर द्यावं लागत असल्यानं ही रक्कम किती काळ पुरणार, हा कुटुंबांपुढचा खरा प्रश्न असतो.

आणखी एक उदाहरण तर बहुतेक वाचकांच्या दंडातून गेलेलं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या कोव्हिशील्ड लशीत करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाचं, म्हणजे स्पाइकचं, जनुक होतं. त्याच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी माणसाच्याच एका प्रथिनाचा पत्ता जोडला होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं आणि पेशीबाहेर पाठवलं जाणारं 'टीपीए' हे ते प्रथिन. स्पाइक पेशीत आतच अडकून न राहता आंतर्द्रव्यजालिकेच्या रस्त्यानं पेशीच्या पृष्ठभागाकडे जावं, यासाठी ही सोय होती.

हे वाचून काय लक्षात ठेवायचं?

मोठ्या माणसांमधले बहुतेक मुतखडे या आजारामुळे होत नाहीत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. ब६ च्या गोळ्या मनानं सुरू करण्याचं तर अजिबातच नाही. पण लहान मुलाला खडा झाला, खडे पुन्हा पुन्हा होत असतील किंवा घरात दुसऱ्या भावंडालाही तोच त्रास असेल, तर 'पालक बंद करा' एवढ्यावर थांबू नये. मूत्रपिंडाच्या किंवा बालरोग तज्ज्ञांकडे जाऊन लघवीतल्या ऑक्झलेटची तपासणी करायची का, हे विचारावं. या मुलांमध्ये ऑक्झलेट यकृतातच बनत असतं, त्यामुळे केवळ पथ्यानं ते थांबत नाही. निदान लवकर झालं, तर मूत्रपिंड वाचवायला वेळ मिळतो.